डालग्याखालची शेरडं

आमच्या नात्यागोत्यात कुणाचा संगणक अडला की फोन मला येतो. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. धाराशिवला एका शाळेच्या कार्यालयात मी नोकरी करते. तिथले संगणक, चुलत्याच्या दुकानातला बिलं काढायचा, नणंदेच्या पोरांनी गेम खेळून खेळून मरणाला टेकवलेला, असे सगळे माझ्या हाताखालून गेलेत. दुरुस्तीवाल्यासारखं "ठेवून जा, बघू" असं मी म्हणत नाही. समोर बसते, आणि उठते तेव्हा तो चालू झालेला असतो.

नवं विंडोज घालण्याबद्दल तर माझं मत एकदम ठाम आहे. जुन्यावर नवं चढवायचं नाही. सगळं पुसायचं आणि कोऱ्या जागेवर नवं बसवायचं. जुन्यावर चढवलेलं नवं चार दिवस शहाण्यासारखं वागतं आणि मग रुसवे सुरू करतं. "सगळं पुसायचं" म्हटलं की लोक घाबरतात. माझं काही जाणार तर नाही ना, असं दहादा विचारतात. मी म्हणते, आधी सामान बाजूला काढून ठेवलं की काही जात नाही. आणि खरंच, माझ्या हातून कुणाचं काही गेलेलं नव्हतं.

मग आईच्या संगणकाची पाळी आली.

आई माकणीजवळ आमच्या शेतातल्या घरात राहते. शेत वाट्यानं दिलंय, पण शेळ्या तिनं कुणाला दिल्या नाहीत. आमच्या भागातली काळी, लांब कानांची शेळी ती पाळते आणि तिच्या हातच्या बोकडाला लांबलांबून मागणी असते. बोकड बघायला येणारी माणसं आधी चहा पितात, मग आईची परीक्षा देतात. माणूस जनावर नीट ठेवील असं वाटलं तरच ती विकते, नाहीतर "आत्ता न्हाय द्यायचं" म्हणून वाटेला लावते.

मी लॅपटॉप घेतला तेव्हा माझा जुना संगणक तिच्याकडे नेऊन ठेवला. खरं तर तो आबांसाठी नेला होता. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी खुर्चीवर बसून पाहिलं, "हे माझ्या बोटाचं काम न्हाय" म्हणाले आणि उठून वैरण टाकायला गेले. रिकाम्या खुर्चीवर आई बसली, ती बसलीच. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षर तिला येत नाही, पण कुठल्या चित्रावर दाबलं की काय उघडतं हे ती एकदा बघते आणि परत विचारत नाही.

तिला संगणक हवा होता शेळ्यांच्या फोटोंसाठी. गिऱ्हाईक आधी फोनवर फोटो मागतं, आणि मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर आईला शेळीचा कान नीट दिसत नाही. म्हणून मोबाइलवर फोटो काढायचा, वायर लावून संगणकात घ्यायचा, मोठा करून बघायचा आणि चांगला असला तर गिऱ्हाइकाला पाठवायचा. मी तिला 'शेळ्या' नावाचं एक फोल्डर करून दिलं होतं.

आता शेळी काही फोटोला उभी राहत नाही. तिला कुणीतरी धरावं लागतं. ते काम आबांचं. एका हातानं कान किंवा शिंग, दुसरा हात पोटाखाली, आणि स्वतः होईल तेवढं चौकटीच्या बाहेर. थोडं आत आले की आई मोबाइल खाली घेऊन ओरडायची, "अवं, तुमी कशाला मधी येताव? गिऱ्हाइकाला शेरडू बघायचंय, तुमाला न्हाय." आबा मुकाट्यानं मागं सरकायचे. त्यामुळे प्रत्येक फोटोत शेळी पूर्ण आणि आबा अर्धे. एक मनगट, धोतराचा सोगा, कधी नुसता गुडघा.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर धड एकही सापडेना. लग्नकार्यात फोटोवाला आला की ते पंगतीचं पाणी बघायला निघून जायचे. शेवटी ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. त्यात ते असे बघतायत की समोर फौजदार उभा आहे. आई त्या फोटोला हार घालते, पण एकदा मला सरळ म्हणाली, "हे कोन हायत गं? आमचं हे असे न्हवते." तिला आबा बघावेसे वाटले की ती संगणक लावते आणि शेळ्यांचे फोटो काढून बसते. शेळीच्या कानाला धरलेला हात बघते. तेवढा हात तिला पुरतो. मला पुरत नाही, पण मला कोण विचारतंय.

तर तो संगणक विंडोज सेव्हनवर होता. गिऱ्हाइकांना फोटो पाठवायचं पान उघडलं की वरती एक पट्टी यायची, ही आवृत्ती जुनी झाली आहे. आई ती माशी हाकलल्यासारखी रोज हाकलायची. एक दिवस पानच उघडेना. तिनं मला ऐन कार्यालयाच्या वेळेत फोन केला.

"तुझा संगणक मेला बघ."

"मेला नाही आई. त्याच्यात नवं विंडोज घालावं लागेल. टेन."

"ह्याच्यात काय खराबी हाय?"

"खराबी नाही. जुनं झालंय."

"जुनं म्हंजी खराब व्हय गं? म्या बी जुनीच हाय."

"तुझं चालतंय अजून."

ती हसली नाही. म्हणाली, "फोटू जात्यात का?"

"जात नाहीत."

"आबाचं हात हायत त्यात."

"माहितीय मला. काही जात नाही म्हटलं ना."

"बघ बरं," ती म्हणाली.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी गेले. पर्समध्ये पेनड्राइव्ह, मेमरीची एक जादा पट्टी आणि स्क्रू ड्रायव्हर. आई म्हणाली, आधी भाकरी खा. मी म्हटलं, आधी काम, लाइट आहे तोवर. त्या आठवड्यात लाइट दुपारपर्यंत होती. संगणक उघडून आतली धूळ पुसली, पट्टी बसवली आणि सामान काढायला घेतलं. संगणकाच्या पोटात मी पहिल्यापासून दोन कप्पे केले होते. सी कप्प्यात विंडोज राहतं, डी कप्प्यात आपलं सामान. 'शेळ्या' डीमध्येच होतं, म्हणजे पुसण्याच्या वाटेतच नव्हतं. तरी उघडून बघितलं. शेळ्या होत्या, फोटो उघडत होते. माझ्या लग्नाचे फोटो सीमध्ये राहिले होते ते डीमध्ये आणले. मी कामाला पक्की आहे, हे पुन्हा सांगते.

पडद्याच्या कोपऱ्यात ती नको असलेल्या गोष्टी टाकायची टोपली होती, कागदाच्या बोळ्यांनी भरलेली. पुसण्याआधी ती रिकामी करायची माझी पद्धत आहे. त्या दिवशी नाही केली. सगळा सी कप्पाच पुसला जाणार, मग कचरा वेगळा कशाला काढत बसा! त्यात विचार वगैरे काही नव्हता, निव्वळ कंटाळा होता.

पुसायचं बटण दाबायच्या वेळी आई पिठाचे हात घेऊन मागं येऊन उभी राहिली.

"आता काय चाललंय?"

"जुनं पुसतेय."

"समदं?"

"फक्त घर. सामान बाहेर काढून ठेवलंय."

"आपली जुनी वस्ती धरणात गेली तवा बी सायेब लोक असंच म्हनले हुते," ती म्हणाली. "सामान काढा, घर दुसरीकडं बांधा. म्या समदं काढलं. चुलीपाशी भितीतल्या दिवळीत गंधाची डबी राह्यली ती राह्यलीच. कोनाच्या ध्यानात येतंय दिवळीतलं?"

"संगणकात दिवळी नसते, आई," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

मला हे काम आवडतं. निळा पडदा येतो, टिंबं गोल फिरतात, यंत्र आपलं आपण बंद होतं आणि परत उठतं. तेवढ्यात मी भाकरी आणि आमटी खाल्ली. मग मराठी कळफलक घातला, मागं तेच ज्वारीच्या रानाचं चित्र लावलं आणि सगळी चित्रं जिथल्या तिथं मांडली. हा माझा कटाक्ष आहे. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांना जी जागा माहीत आहे ती बदलायची नाही. यंत्र बदललं हे त्यांना कळताच कामा नये. टोपलीसुद्धा मी त्याच कोपऱ्यात नेऊन ठेवली.

आई हात धुऊन, पदरानं पुसून खुर्चीवर बसली. "लई पांढरं झालंय," असा पहिला शेरा आला. मग 'शेळ्या' उघडलं, मिटलं. फोटो पाठवायचं पान उघडलं, आणि ते खरंच उघडलं. तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हुशार हायस." आमच्या घरात हा शब्द सहजी मिळत नाही. मी पाय लांब करून बसले.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. अणदूरचं गिऱ्हाईक. बोकड त्याच्या पसंतीला उतरला होता, पण बोकडाची आई कशी होती ते त्याला बघायचं होतं. शहाणा माणूस असंच करतो. बोकडाचे गुण त्याच्या आईत बघायचे असतात, कास कशी, अंग कसं, एका वेळी किती करडं द्यायची. ती शेळी आईनं केव्हाच विकली होती. "धाडते की आत्ता," आई म्हणाली आणि फोन ठेवून तिनं माउस सरळ त्या कोपऱ्यातल्या टोपलीवर नेला. दोनदा दाबलं.

आत काही नव्हतं. पांढरं पान.

तिनं मिटलं, परत उघडलं. "फोटू कुठं गेले?"

"कसले फोटो? आई, तो कचऱ्याचा डबा आहे."

"कचऱ्याचा डबा कुठं? डालगं हाय ते."

मी त्या चित्राकडे बघितलं. आईच्या नजरेनं विणीची टोपलीच. शेळ्या पाळणाऱ्या घरात नवी करडं शेळ्यांच्या पायाखाली येऊ नयेत, कुत्र्यानं तोंड घालू नये म्हणून वर पालथं घालतात ते डालगं. डालग्याखाली असलेली गोष्ट म्हणजे घरातली सगळ्यात सांभाळलेली गोष्ट. आईनं कधीतरी एक फोटो उचलून त्या चित्रात टाकून बघितला, तो दिसेनासा झाला. वर उचलून बघितलं तर आत जसाच्या तसा. परत बाहेर काढला तर आला बाहेर. झालं. याला डालगंच म्हणतात. तिनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण तिला विचारण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही.

"विकलेलं शेरडू दावणीच्या शेरडात कसं ठिवावं?" ती म्हणाली. "म्हनून डालग्याखाली."

आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. घेणारा स्वतःचं दावं घेऊन येतो. आपलं आपण ठेवून घेतो. गोठ्यात खुंटीला अशी दावी लोंबतात, आणि कुणाचं कुठलं हे आईला विचारावं. फोटोचंही तिनं तसंच केलं होतं. जनावर गेलं की 'शेळ्या'तून काढायचं आणि डालग्याखाली ठेवायचं. वर्षानुवर्षं, एकेक करत.

मी 'शेळ्या' पुन्हा उघडलं. सकाळी मी शेळ्या आहेत एवढंच बघितलं होतं. आता हात बघितले. एका फोटोत वाटेकऱ्याच्या बायकोचा, हिरव्या बांगड्यांचा. बाकी आईचाच, दुसऱ्या हातात मोबाइल धरल्यामुळे वाकडा. म्हणजे आबा गेल्यानंतरच्या शेळ्या. आबांनी धरलेल्या शेळ्या एकेक करून विकल्या गेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर आबासुद्धा एकेक करून डालग्याखाली गेले होते.

"कचऱ्याच्या डब्यात कुणी असं ठेवतं का?" मी ओरडले. मला ओरडायचं नव्हतं. "जगात कुणी ठेवत नाही!"

"कचरा कोनाला म्हनतीस?" आईनं विचारलं. आवाज चढवला नाही. मग खुर्ची मागं सारून उठली. दारात थांबली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. नुसतं हातच तर हुते." आणि गोठ्याकडे गेली.

तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. मला भयंकर राग आला. टोपलीचं चित्र काढणाऱ्याचा आला, दुनियेच्या सगळ्या माणसांना टोपली म्हणजे टाकायचीच जागा वाटते असं धरून चालणाऱ्यांचा आला. आणि संगणकात दिवळी नसते म्हणणाऱ्या बाईचा तर सगळ्यात जास्त आला. पण मी रागात बरा विचार करते, हा माझा गुण आहे. शाळेत प्रवेशाच्या दिवसांत सगळं बंद पडतं आणि पालक खिडकीवर वाजवत असतात, तेव्हा माझं डोकं सगळ्यात स्वच्छ चालतं.

मी पुसलं काय? सी. फोटो होते कुठं? डीमध्ये. डीमधून काढलेली वस्तू टोपलीत दिसते, पण ती सीमध्ये जात नाही. पडद्यावर टोपली एक दिसते, खाली मात्र प्रत्येक कप्प्याला आपापली चोरजागा असते. डीमधला फोटो डीच्या चोरजागेत जातो. आणि डीला मी हातही लावला नव्हता. नवं विंडोज मला नवी मालकीण समजत होतं आणि जुन्या मालकिणीचं ठेवलेलं मला दाखवत नव्हतं, एवढंच. टोपली रिकामी करायचा कंटाळा केला नसता तर मात्र खेळ खलास होता.

मी माउस धरला आणि लाइट गेली.

त्या वेळी मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. चारशिवाय येणार नव्हती. गोठ्यात गेले तर आई एका करडाला दूध पाजत बसली होती. बाटलीच्या बोंडीला ते असं लुचत होतं की तिचा हात हलत होता.

"आई, मिळतील," मी म्हटलं.

"आता म्हनू नगस. मिळाल्यावर म्हन."

"मी सांगते ना, मिळतील. मला कळलंय कुठं आहेत."

"कुठं?"

"दिवळीत," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग करडाकडे बघत म्हणाली, "त्यांच्या अंगठ्याचं नख अर्धं हुतं. कोयत्यानं गेल्यालं, लगीन व्हायच्या आदी. त्यो अंगठा दिसायचा शेरडाच्या कानावर. म्या त्योच बघत बसायची. माणसाचं काय काय ध्यानात ऱ्हातं, आनि त्वांड इसरत चाललंय. भितीवरचं ते बघून बघून तेच खरं वाटाया लागलंय मला." ती हे रडत नाही म्हणाली. वैरण संपत आलीय असं सांगावं तशी म्हणाली. मला तिच्याशेजारी मातीत बसवेना, मी पुढं जाऊन तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "चार वाजले की चल माझ्याबरोबर आत."

"शेरडं सोडायची असत्यात चारला."

"शेरडं थांबतील."

शेरडं थांबतील हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं असेल. तिनं विरोध केला नाही, यावरून तिची काय अवस्था होती ते मला कळलं.

लाइट आली. आई शेजारी स्टुलावर बसली, हात मांडीवर. मी लपलेलं सगळं दाखव असा हुकूम दिला, यंत्रानं दोनदा बजावलं की इथं हात घालू नका, मी दोनदा घातला. डीमध्ये एक फिकट फोल्डर उगवलं. त्याच्या पोटात आणखी एक, लांबलचक आकड्याच्या नावाचं. हीच जुनी मालकीण. उघडायला गेले तर, तुम्हाला परवानगी नाही. "मला?" मी मोठ्यानं म्हटलं. मग काळी खिडकी उघडली, तिथं चित्रं नसतात, नुसते हुकूम टाइप करायचे असतात, आणि सांगितलं की हे सगळं माझं आहे, इकडे आण.

ओळी भराभरा वर सरकू लागल्या. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ओळी थांबत नाहीत एवढं तिला दिसत होतं. "इतकी हायत?" ती हळूच म्हणाली.

नवं फोल्डर उघडलं. नावं सगळी गेली होती, अक्षरांची भेसळ झाली होती, क्रम मोडला होता. पण चित्रं भरायला लागली. काळी शेळी. काळी शेळी. कानावर हात. काळी शेळी, धोतराचा सोगा. शिंगावर मनगट. मी एक मोठी केली आणि अंगठा दिसला, अर्ध्या नखाचा.

आईनं पडद्यावर बोट ठेवलं. मी एरवी पडद्याला बोट लावू देत नाही.

"मिळाले," मी म्हटलं. "आता म्हणू का?"

"म्हन," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

मग तिचं तिचं सुरू झालं. ही लोहारा गावात दिली. ही फार मारकी, यांच्या गुडघ्याला लागलं होतं. ही बघ, हिला जुळी, त्यातलं एक अजून दावणीला आहे. कुठं नुसतं ढुंगण दिसत होतं, कुठं नुसते कान, तरी ती नाव घेत होती. तिच्या शेळ्यांना नावं असतात, काळी, थोरली, पाव्हणी, मंगळवारी. अणदूरच्या गिऱ्हाइकाला हवी होती ती सापडली, आईनं स्वतः निवडून पाठवली, आणि त्याचा लगेच फोन आला की बोकड पक्का. तिनं "बरं" म्हणून फोन ठेवला. एवढ्या मोठ्या सौद्यावर ती इतकी कमी बोललेली मी पाहिली नव्हती. तिला परत पडद्याकडे यायचं होतं.

खाली खाली गेलो तसे बिघडलेले फोटो लागायला लागले. डालग्याखाली तिनं फक्त विकलेली शेरडं ठेवली नव्हती, तिथंच न जमलेले फोटोही ढकलले होते. हललेले, जमिनीचे, तिच्या स्वतःच्या बोटाचे. माझा हात सवयीनं पुसायच्या बटणाकडे गेला. आईनं मनगट धरलं. "कायबी पुसू नगस आता."

"बरं," मी म्हटलं आणि पुढचा उघडला.

त्यात शेळी जवळजवळ नव्हतीच. हिसका देऊन ती चौकटीच्या बाहेर निघाली होती, कोपऱ्यात मागचा एक पाय आणि शेपूट राहिली होती. आणि मधोमध आबा होते. पूर्ण. शेळीनं ओढल्यानं धुळीत बसकण मारलेले, टोपी कानावर आलेली, एक हात अजून हवेत शेळी धरायला पुढं केलेला, आणि तोंड उघडं टाकून हसत होते. मोबाइलकडे बघून, म्हणजे फोटो काढणाऱ्या बाईकडे बघून. मला त्यांचे दात इतके दिसलेले आठवत नाहीत. आमच्यासमोर ते असे हसत नसत.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मी येऊ दिलं.

आई पुढं वाकली होती. चष्मा कपाळावर होता, तो खाली घेतला. बाहेर शेरडं दावणीला ओरडत होती, त्यांची सुटायची वेळ केव्हाच होऊन गेली होती.

"म्या वरडले हुते त्येंच्यावर," ती म्हणाली. "फोटू वाया घालवला म्हनून. लई बोलले हुते."

"आणि ते?"

"हसतच हुते."

आबांचं हसू पडद्यावर तसंच होतं. ती एकटक बघत होती. मला तिला थोडं इकडं आणायचं होतं, म्हणून मी कोपऱ्यातल्या त्या पायाकडे आणि शेपटीकडे बोट केलं. आत्तापर्यंत तिनं नुसत्या कानावरून शेळ्या ओळखल्या होत्या.

"आई, ही शेळी कोणती गं?"

तिची नजर जागची हलली नाही.

"काय की," ती म्हणाली. "असंल कंची बी."